चाकरमानी परत येतात तेव्हा

अण्णा भाऊ साठे यांची मैनेची छक्कड आपल्याकडे कोणाला ठाऊक नाही? गाव सोडून मुंबईत आलेल्या माणसाची ती तळमळ. अंग मुंबईत, जीव गावात. गिरणगावाबद्दल पुढे जे लिहिलं-बोललं गेलं, त्यात हाच सूर पक्का होत गेला. चाकरमानी गावाला गेला की माणसात येतो आणि मुंबईला परतला की घाण्याला जुंपला जातो, असं धरून चालायची आपल्याला सवय लागली. मी लालबागच्या एका चाळीत वाढले. गाव मालवण तालुक्यातलं, वडील गिरणीत साचेखात्यात. मे महिना गावी आणि पावसाच्या तोंडावर परत, हा आमच्या मजल्यावरच्या बहुतेक घरांचा क्रम. मला जे आठवतं ते या सुराशी जुळत नाही. परत आल्यावर माणसं खूश असायची. उघडपणे कोणी कबूल करायचं नाही, कारण गावाहून आल्याआल्या हसतमुख दिसणं म्हणजे म्हाताऱ्या आईशी बेइमानी केल्यासारखं. पण खूश असायची.

या परतण्याला इतिहास आहे, आणि तो जाण्याच्या इतिहासापेक्षा गुंतागुंतीचा आहे.

आजोबांच्या काळात परतायची तारीख ठरवायचा समुद्र. मुंबईत पहिली कापड गिरणी उभी राहिली ती १८५४ साली कावसजी दावरांच्या पुढाकाराने, ताडदेवला. त्यानंतरच्या पन्नास-साठ वर्षांत तेव्हाच्या अखंड रत्नागिरी जिल्ह्यातून माणसांची रांग लागली ती समुद्रमार्गानेच. कोकणातून घाट चढून कोल्हापूर गाठायचं आणि तिथून रेल्वेने मुंबई, हा दुसरा रस्ता होता. कोल्हापूरला रेल्वे आली १८९१ मध्ये. पण तो लांबचा आणि खर्चिक. साध्या माणसाची वाट म्हणजे आगबोट. वेंगुर्ले, मालवण, देवगड, विजयदुर्ग, जैतापूर, रत्नागिरी, जयगड, दाभोळ, हर्णे असं एकेक बंदर घेत ती मुंबईला लागायची. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या बोटी होत्या, आणि स्वदेशीच्या वाऱ्यात निघालेली इंडियन को-ऑपरेटिव्ह कंपनी होती, जिला लोक प्रेमाने ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत. बोट किनाऱ्याला लागत नसे. ती आत खोल पाण्यात उभी राहायची आणि पडावातून माणसं, ट्रंका, वळकट्या, आंब्याच्या करंड्या वर चढवायच्या. आजोबा सांगत, पडाव हेलकावे खात असताना बाईमाणसाला वर ओढून घेणारा खलाशी ज्याच्या ओळखीचा, तो त्या दिवशी बंदरावरचा सगळ्यात मोठा माणूस.

पाऊस धरला की ही वाहतूक बंद. मेअखेरीस शेवटची बोट सुटली की नारळी पौर्णिमा होऊन दर्या शांत होईपर्यंत कोकणचा किनारा मुंबईपासून तुटायचा. म्हणून ‘शेवटची बोट’ हा तेव्हाच्या घराघरांतला निर्णयाचा क्षण होता. मे महिन्यात चाकरमानी गावी यायचा तो लग्नकार्यांसाठी, घराची शाकारणी करायला, कुळागरातली कामं उरकायला. आता पेरणी तोंडावर आली. राहायचं का जायचं? राहिलास तर भाताची लावणी होईल, म्हातारा-म्हातारी सुखावतील, पण गिरणीतली जागा जाईल. गेलास तर शेत बायकोच्या अंगावर. मधला मार्ग नव्हता, कारण मध्ये समुद्र होता. आजोबा बहुतेक वेळा शेवटच्या बोटीने परत येत. एकदा ते मुद्दाम राहिले. त्यानंतर मुंबईत पाय रोवायला त्यांना पुढची होळी उजाडली, असं आजी सांगायची, आणि सांगताना तिचा स्वर तक्रारीचा नसायचा.

जागा जाण्याची ही भीती पोकळ नव्हती. त्या काळी रजा नावाची गोष्टच नव्हती, होते ते खाडे. गावाहून आलेल्या कामगाराला पुन्हा कामावर घ्यायचं की नाही हे जॉबरच्या मर्जीवर. जॉबर म्हणजे मुकादम; तोच माणसं आणायचा, तोच काढायचा. कामावर लावून घेताना त्याला दस्तुरी द्यावी लागे, आणि गावाहून परत आल्यावर पुन्हा एकदा. १९२९ साली सरकारने कामगारांच्या प्रश्नांवर नेमलेल्या व्हिटली आयोगापुढे हे सगळं आलं आणि १९३१ च्या अहवालात नोंदलंही गेलं. त्याच अहवालात गंमत अशी की कामगाराचं गावाशी असलेलं नातं तुटू देऊ नये, ते जपावं, असाही सल्ला होता. सल्ला चांगलाच, पण ते नातं जपण्याची किंमत भाऊच्या धक्क्यावर उतरल्यावर कोणाच्या हातात मोजावी लागते, हे आजोबांना आयोगापेक्षा जास्त माहीत होतं. त्यांच्या गाठोड्यात एक वेगळी पुडी असायची. त्यात निवडक काजूगर आणि सुके सोडे. ती जॉबरची. घरच्यांनी तिला हात लावायचा नाही.

पण त्याच गाठोड्यात दुसरंही काही असायचं, आणि मला वाटतं गिरणगावाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी त्याकडे जरा कमी लक्ष दिलं. आजोबा राहायचे ते गावकऱ्यांच्या खोलीत. एका खोलीत एकाच गावचे वीस-पंचवीस पुरुष. पाळ्या वेगवेगळ्या म्हणून अंथरुणाला जागा पुरायची. जेवायला खानावळ. खानावळ चालवणारी बाई बहुधा अशीच कोणीतरी कोकणातून किंवा घाटावरून आलेली, नवरा गिरणीत किंवा नवरा नसलेली. (याच बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं, तेव्हा कुठे त्यांच्या कष्टांना नाव मिळालं.) गावाहून आलेला माणूस पहिल्या दिवशी खानावळीत कुळथाची पिठी, आमसुलं, सुकी मासळी आणि जमल्यास आंबे नेऊन द्यायचा. त्या रात्री सगळ्यांच्या पानात गावची पिठी पडायची. जो त्या वर्षी गावाला जाऊ शकला नव्हता, ज्याला खाडे परवडले नव्हते, त्यालाही. बोलणं कोणाचं काय झालं यावर. कोणाची म्हैस व्याली, कोणाच्या बांधावरून भांडण लागलं, कोणाची मुलगी दिली. निरोप तोंडी असत आणि ते ज्याचे त्याला नेमके पोचवणं ही परतलेल्याची जबाबदारी. पैसे, पत्र, औषध, नव्या बाळाचं टोपडं मागणारी आईची ताकीद, सगळं. निरोप विसरणाऱ्याची खोलीत पत उरत नसे.

कायदा आला तो उशिरा. कारखाने कायद्यातल्या १९४५ च्या दुरुस्तीने वर्षभर सलग काम केलेल्या प्रौढ कामगाराला १० दिवसांची भरपगारी सुट्टी मिळाली आणि १९४८ च्या नव्या कायद्याने दर २० दिवसांच्या कामामागे १ दिवस, असा हिशेब बसला. दहा दिवसांत मालवणला बोटीने जाऊन येणं म्हणजे घाईघाईचंच. तरी नोकरी शाबूत ठेवून गावाला जाता येतं, ही गोष्टच नवी होती. माझ्या वडिलांची पिढी या कायद्यात वाढली. तिच्या वाट्याला आलेला मे महिना आजोबांच्या मे महिन्याइतका जीवघेणा नव्हता.

तरी एक गाठ राहिलीच, ती बदलीवाल्यांची. १९३५ पासून मिलमालक संघाने बदली कामगारांना कार्डं द्यायला सुरुवात केली होती. कार्डवाल्याने रोज सकाळी गिरणीच्या फाटकावर हजेरी लावायची. कोणी कायमचा कामगार आला नाही तर त्याच्या जागी काम. वर्षातले बाकीचे महिने बदलीवाल्याचे अर्धपोटी, पण एप्रिल-मे म्हणजे त्याचा सुगीचा हंगाम, कारण निम्मं खातं गावाला गेलेलं. साहजिकच जूनमध्ये आमच्या येण्याने ज्यांचा तोटा व्हायचा अशीही माणसं चाळीत होती. वडिलांच्या साच्यांवर मे महिन्यात उभा राहणारा बदलीवाला आमच्याच जिन्याखालच्या खोलीत राहायचा. वडील परत आले की तो पुन्हा फाटकावर. मी कितीदा तरी पाहिलं आहे, आम्ही आलो त्याच दिवशी वडील हातपाय धुऊन आधी खाली जायचे. हातात डझनभर आंबे आणि विड्यांचं बंडल. दोघं जिन्यावर बसायचे. साचे कसे चालले, कुठला ताणा सारखा तुटतो, जॉबर काय म्हणाला, असं बोलणं. आभाराचा शब्द कधी नाही. तो माणूस वडिलांना ‘दादा’ म्हणायचा आणि वयाने वडिलांहून मोठा होता. पुढे त्याला कायम केलं तेव्हा पेढे आधी आमच्याकडे आले.

आता चाळीकडे वळते, कारण खरं परतणं तिथे व्हायचं.

आमच्या वेळेपर्यंत बोटीची जागा एसटीने घेतली होती. राज्य परिवहनाची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. कोकणात रस्ते हळूहळू सुधारत गेले तशी लाल गाडी गावागावांत पोचली. बोटींबद्दल जुन्या माणसांच्या मनात धसका होताच. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट भरपावसात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं बुडाली. आमच्या आजीला त्या दिवसाचं नावही काढलेलं चालत नसे. एसटीला पावसाळा वर्ज्य नव्हता, म्हणून शेवटच्या बोटीची जागा शाळेच्या पहिल्या दिवसाने घेतली. मालवण ते परळ, रात्रभर, कशेडी घाटात लिंबू हुंगत. सकाळी डेपोत उतरलो की पाऊस असायचाच असं नाही, पण चिखल असायचा.

चाळीत शिरताना आईचं लक्ष पहिल्यांदा जायचं ते आमच्या दाराशी ठेवलेल्या पाण्याच्या हंड्याकडे. आमची किल्ली समोरच्या साताऱ्याच्या काकींकडे असायची. निघायच्या आधी आई त्यांना कार्ड टाकायची, अमुक दिवशी सकाळी पोचतो. काकी त्या दिवशी पहाटे नळावर आपला नंबर संपल्यावर आमच्या नंबरावरही उभ्या राहायच्या. मुंबईत ज्यांनी नळाचे नंबर पाहिले नाहीत त्यांना याचं मोल कळणार नाही. महिनाभर आपण नसताना रांगेतली आपली जागा कोणीतरी राखणं ही लहान गोष्ट नव्हती. त्यावरून दुसऱ्या मजल्यावर दोन घरांचं कायमचं बोलणं बंद झालेलं होतं. काकी दारातच विचारायच्या, “कवा आलासा, वैनी?” डोळ्यांदेखत ट्रंका उतरत असताना हा प्रश्न का, असं लहानपणी वाटायचं. कुलूप निघालं की आतून कोंदट वास, कोपऱ्यात झुरळं, स्टोव्हवर धुळीचा थर. पण पहिल्या दिवशी आमच्या घरात स्टोव्ह पेटायचाच नाही. चहा काकींचा, दुपारची भाकरी-आमटी काकींची. काकी चैत्रात त्यांच्या गावच्या जत्रेहून यायच्या तेव्हा हेच आई त्यांच्यासाठी करायची. घाटावरून शेंगा, ज्वारी आणि काळा मसाला आमच्याकडे यायचा. आमच्याकडून आंबे आणि आमसुलं जायची.

दुपारी गाठोडी सुटायची. हे काम आई एकटी करायची आणि मला जवळ बसवून घ्यायची. पेंढ्यात बांधलेले आंबे एकेक करून दाबून बघायचे. पिकलेले, उद्याचे, चार दिवसांनंतरचे, असे तीन ढीग. हापूस मोजके, रायवळ भरपूर. मग कुळथाच्या पिठीच्या पुड्या, फणसाची साठं, आमसुलाची बरणी, चुलीच्या राखेत घोळलेल्या आठळ्या. सुकी मासळी खिडकीबाहेरच्या डब्यात, कारण वरच्या मजल्यावर माळकरी कुटुंब होतं. आईच्या डोक्यात याद्या तयार असायच्या. काकींचा वाटा पहिला आणि सर्वांत मोठा. ज्या घरात बाळंतीण तिला पिठी. मास्तरांकडे फक्त हापूस. ज्यांनी गेल्या वर्षी काही दिलं नव्हतं त्यांनाही द्यायचंच, पण रायवळ.

मात्र वाटपाला सुरुवात होण्याआधी एक काम असायचं. आम्ही नसताना चाळीत कोण गेलं, हे काकी चहाबरोबरच हळू आवाजात सांगून टाकायच्या. कोणी गेलेलं असलं तर आई आधी तिथे जाऊन बसायची. हातात काही न घेता. तिथून आल्यावर आंघोळ, आणि मग आंबे. एखाद्या वर्षी महिन्याभरात दोन-तीन माणसं गेलेली असायची आणि आमचे पिकलेले आंबे संध्याकाळपर्यंत तसेच पडून राहायचे. घरोघर असंच चालायचं. गावाहून आलेल्याने चाळीतलं दुःख आधी विचारायचं, आपलं सुख मागाहून सांगायचं. ही रीत कोणी घालून दिली होती कोण जाणे. ‘मुंबईच्या चाळीत कोणाला कोणाचं काही नसतं’ असं गावची मंडळी म्हणायची तेव्हा मला राग यायचा.

मुलांचं परतणं इतकं सभ्य नव्हतं. जे गावाला गेले नव्हते त्यांनी मे महिन्यात गच्ची ताब्यात घेतलेली असायची. नवे खेळ, नवे नियम, नव्या जोड्या. आपली जिवलग मैत्रीण तिसऱ्याच कोणाच्या गळ्यात गळा घालून फिरताना दिसायची आणि आपल्याला बघून न बघितल्यासारखं करायची. त्यात आमच्या तोंडी आठवडाभर मालवणी. ‘इलंय’, ‘गेलंय’ म्हटलं की खालच्या मजल्यावरची पोरं नाक ओढून नक्कल करायची. कट्टी व्हायची. मग शाळेची पुस्तकं यायची आणि सगळं सुरळीत. त्या काळी पुस्तकं वरच्या वर्गातल्यांकडून निम्म्या किमतीत घ्यायची पद्धत होती, आणि ती कोणाकडून घ्यायची हा व्यवहार मैत्रीशिवाय होत नसे. तपकिरी कागदाची कव्हरं घालायला सगळी मुलं एका खोलीत जमायची, खळीची वाटी मध्ये. कव्हरं घालून होईपर्यंत कट्टी सुटलेली असायची. मला खरं सांगायचं तर गावाहून निघताना रडू यायचं ते देवगडच्या फाट्यापर्यंत. तिथून पुढे मनात एकच विचार: गच्चीवर काय झालं असेल? आणि दुसरा, दिव्याच्या बटणाचा. आमच्या वाडीत तेव्हा वीज नव्हती. परतल्यावर पहिल्या रात्री भाऊ बटण दाबून उगाच दिवा चालू-बंद करायचा आणि वडील त्याला काही बोलायचे नाहीत.

पोचल्यावर दोन दिवसांत गावी कार्ड जायचं, खुशालीचं. वडिलांनी आजीला लिहिलेल्या कार्डांचा एक गठ्ठा ती गेल्यावर आमच्या हाती आला. गावच्या पोस्टमनने तिला ती वाचून दाखवलेली असणार, कारण तिला वाचता येत नव्हतं. कार्डांत सुरुवातीला ठरलेला नमस्कार, सुखरूप पोचलो, पाऊस लागला. आणि मग अर्धं कार्ड भरून मुंबईची माणसं: काकींच्या सासऱ्यांचं ऑपरेशन झालं, जिन्याखालच्याला अजून कायम केलं नाही, नाक्यावरच्या मंडळाने गणपतीच्या वर्गणीला आत्ताच सुरुवात केली, भजनात नवीन पखवाज आला. आजीने यातलं कोणी पाहिलं नव्हतं. तरी वडील लिहीत राहिले. गावच्या आठवणीने जीव व्याकुळ झाला, असं एकाही कार्डात नाही. त्यांना ते वाटत नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण लिहायला बसल्यावर लेखणी चाळीकडे वळायची, हे माझ्यासमोर आहे.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. कामगारनेते दत्ता सामंत यांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास कामगार उभे राहिले. पहिले दोन-तीन महिने उत्साहात गेले. मे आला तेव्हा घराघरांत पैसा संपत आला होता आणि नेहमीप्रमाणे मंडळी गावाला निघाली, या वेळी रजेचा अर्ज न करता. तिकडे निदान तांदूळ आहे, भाडं नाही, संप मिटला की येऊ. संप मिटला नाही. तो कधी रीतसर मागेही घेतला गेला नाही.

त्या जूनमध्ये आमच्या मजल्यावरच्या कितीतरी खोल्या उघडल्या नाहीत. पुरुष एकटे आले, किंवा बायका-मुलांना तिथेच शाळेत घालून धाकटा भाऊ तेवढा आला. संपाच्या इतिहासात फाटकावरच्या सभा आहेत, मोर्चे आहेत, मालकांचे डाव आहेत. मला दिसतात ती कुलपं. काकींकडे त्या वर्षी किल्ल्यांचा जुडगा झाला होता. त्या पहाटे कोणाकोणाच्या नंबरावर उभ्या राहून पाणी भरायच्या, आणि मग कोणी येत नाही म्हणून ते पाणी जिन्याला ओतायच्या. आईने आंबे आणले होते, आणि याद्यांमधली नावं कमी पडत होती. जिन्याखालचा बदलीवाला, नुकताच कायम झालेला, साताऱ्याकडे गेला तो गेलाच. माझी मैत्रीण कुडाळच्या शाळेत गेली. पुढची काही वर्षं अशीच एकेक खोली विकली गेली, भाड्याने गेली. पुस्तकं सांगतात की गिरणगाव संपाने मोडलं, आणि जागांच्या भावांनी त्याचा उरलासुरला निकाल लावला. खरंच आहे. चाळीत राहणाऱ्यांना मात्र ते कळलं ते माणसं परत न आल्यामुळे.

पुढची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग खुला झाला आणि रात्रभराचा प्रवास झोपेत होऊ लागला. आता मे महिन्यापेक्षा गणपतीची गर्दी मोठी. लोक चार दिवसांसाठी जातात, रविवारी रात्री येतात आणि सोमवारी ऑफिसात. पावसाने घातलेली मर्यादा तेवढी एका जागी उरली: जूनमध्ये कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक सुरू होतं, गाड्या हळू धावतात, दरडींवर पहारा बसतो. आंबे कुरियरने येतात. परत येण्याला वेळच लागत नाही, तर परतल्यानंतरचे विधी कशाला लागतील?

२०२० साली करोनाच्या साथीत हे सगळं उलटं झालेलं पाहिलं. मे महिन्यात चाकरमानी गावी पोचले आणि गावच्या शाळेत १४ दिवस वेगळे ठेवले गेले. ज्यांच्या जिवावर देवळाचे कळस चढले, त्यांना वेशीवर अडवणारी गावंही निघाली. अनेकांना तेव्हा पहिल्यांदा कळलं की आपण गावचे पाहुणे आहोत. माझा चुलतभाऊ त्या शाळेच्या पडवीतून फोन करून विचारत होता, चाळीत कोण कोण आहे, नळाला पाणी येतं का, काकींची तब्येत कशी आहे. काकी तेव्हा नव्वदीला टेकल्या होत्या आणि त्यांच्याकडे अजून दोन घरांच्या किल्ल्या होत्या.

माझं मत स्पष्ट आहे. कोकणी माणसाला मुंबईत घर मिळालं ते गिरणीमुळे नाही की खोलीच्या पागडीमुळे नाही. ते वर्षानुवर्षं दर जूनमध्ये, भरलेल्या हंड्याने आणि वाटलेल्या आंब्यांनी त्याने स्वतः केलं. गावाबद्दलच्या हळव्या लिखाणात त्याची नोंद राहून गेली. ती व्हायला हवी असेल तर साधनं अजून आहेत. गावच्या घरात माळ्यावर, पत्र्याच्या ट्रंकेत, देवघराच्या फडताळात मुंबईहून आलेली जुनी कार्डं पडलेली असतील. या मे महिन्यात जाल तेव्हा ती बाहेर काढा, जून महिन्याच्या शिक्क्याची वेगळी करा, आणि त्यात कोणाकोणाची नावं आहेत ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून विचारून लिहून ठेवा. वाळवी लागायच्या आत.